बाबा बोलायला लागले

आमच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकाम चालायचं आणि मागच्या खोलीत आईचं बोलणं. मशीनची धडधड थांबली की आई ऐकू यायची, आई थांबली की मशीन. लहानपणी मला वाटायचं, ही दोघं आळीपाळीनं एकच काम करतात.

स्वतःला बोल लावायला आईकडे कितीतरी शब्द होते. दूध उतू गेलं की तिला चुटपुट लागायची. पाहुणा न जेवता गेला की दिवसभर रुखरुख. आजारी मैत्रिणीला भेटायचं राहून गेलं, त्याची खंत. आणि धाकटीचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "मीच पाठवलं गं तिला."

बाबांचा काळा दोरा संपला होता. आईनं माझ्या धाकट्या बहिणीला रस्त्यापलीकडच्या दुकानात पाठवलं. ट्रकवाल्याची चूक नव्हती, असं सगळे म्हणाले. बाबा मात्र चकार शब्द बोलले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. मान खाली घालून शिवत राहिले.

मी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. काचेखाली दिसतं तेवढंच मानायची मला सवय आहे. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं सांगते.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. मी रजा टाकून माहेरी आले. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या, चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप, खुर्ची, किल्ली. बाबा नुसते बघत बसायचे. एका सकाळी किल्लीचं कार्ड बघून ते स्वच्छ म्हणाले, "चुटपुट."

बाईंनी टाळीच वाजवली. "अहो, एवढा अवघड शब्द!"

मला मात्र कसंतरीच झालं. पहिल्या अक्षरावर जरासं रेंगाळायची ती लकब आईची होती.

त्याच दुपारी दूध उतू गेलं. आई फडकं घेऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली,

"ताई, असं झालं की आपल्याला काय लागतं गं?"

"काय लागतं म्हणजे?"

"मनाला काहीतरी लागायचं बघ." तिनं थोडा वेळ आठवून पाहिलं आणि हसली. "जाऊ दे. दूधच तर आहे."

वय झालं तिचं, असं मी स्वतःला समजावलं. मग बाबांना 'रुखरुख' आली, पाठोपाठ 'खंत'. दुसरा शब्द नाही. पाणी हवं असलं तरी हातानंच खूण करायचे. प्रत्येक शब्दानंतर त्यांचे डोळे भरून यायचे.

आणि आई खुलत चालली. धाकटी गेल्यापासून ती दुपारी कधी आडवी झाली नव्हती, ती आता गाढ झोपायला लागली. केस विंचरताना गुणगुणायला लागली. आम्हा दोघींना पुढ्यात बसवून वेण्या घालणारी आई मला आठवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मी बाईंना विचारलं. "घरात ऐकलेले शब्द कधीकधी आधी परत येतात," त्या म्हणाल्या. पण कार्डं गोळा करताना त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी बाबांपाशी बसले. "बाबा, ते शब्द नका ना बोलू. तिचं तिच्याकडे असू दे."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. मान हलवून नाही म्हणाले. मग ओठ उघडले.

"मीच पाठवलं गं तिला."

आत आई भांडी लावत होती. तो आवाज क्षणभरही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ती खिडक्या पुसायला लागली. हातात पिवळं, बारीक चुण्यांचं कापड होतं. बाबांनी धाकटीसाठी शिवलेला फ्रॉक, इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी जपलेला. त्याचे नीट चौकोन कापून ठेवले होते.

"आई, हा..."

"धाकटीचा," ती सहज म्हणाली. "मऊ आहे. काच छान निघते."

मी बोलायला तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता.

तो बाबांच्या खोलीतून ऐकू आला.

स्वच्छ. माझ्या आवाजात.

आईनं एक चौकोन माझ्यापुढे धरला. "वरची काच तू घे. तुझा हात पोचतो."

मी घेतला. खरंच मऊ होता.