पेढ्यांच्या फॉर्मवरून भांडण

भूमहून वाशीला जाणाऱ्या एसटीत भुवनेश्वरीला खिडकीची जागा मिळाली खरी, पण बाहेर बघायला तिचं चित्त थाऱ्यावर कुठं होतं? मांडीवर पेढ्यांचा मोठा डबा, कानाला फोन, आणि डोकं असं तापलेलं की घरची खव्याची कढई परवडली.

"मामा, साखरपुड्याची ऑर्डर गिळली त्या फॉर्मनं! वेबसाइट कुणाकडून करून घेतली तुम्ही? कोण गाढव हाय तो?"

पलीकडं बंडप्पा मामांनी घाईघाईनं फोन ठेवला. शेजारी एक तरुण मघापासून अंग चोरून बसला होता. त्यानं घसा खाकरला.

"कृष्णराज."

"काय?"

"त्या गाढवाचं नाव. धाराशिवला असतो तो. आणि आज... नशीबच म्हणायचं... तुमच्या शेजारी बसलाय."

भुवनेश्वरीनं मान वळवली. आजवर सगळं मामांमार्फतच झालेलं, या माणसाचं तोंडही तिनं बघितलं नव्हतं. सावळा चेहरा, कपाळावर घाम आणि डोळे मात्र हसरे. त्या हसऱ्या डोळ्यांचाच तिला जास्त राग आला.

"हसताय? वाशीच्या मथुराबाईंच्या लेकीचा साखरपुडा होता. पाहुणे बसले, अन् पेढ्यांचा पत्ता न्हाय! गूळ वाटावा लागला त्यांना. नवऱ्याकडची मंडळी काय काय बोलली असतील! मला ऑर्डर आलीच नव्हती, हे कोण ऐकून घेणार? बापाच्या माघारी आई अन् मी हे दुकान चालवतो. भूमच्या बाहेर आमचं नाव चाललं होतं, ते तुम्ही बुडवलं."

"फॉर्म चालतो हो. मी स्वतः भरून बघितला होता."

"तुम्ही! तुम्हाला कुठं पेढे मागवायचे होते?" तिनं त्याच्या हातातलं तिकीट बघितलं. "वाशीचंच ना? मग चला मथुराबाईंकडं. शिव्या मी एकटी खाणार न्हाय."

"भूमचं काम उरकून मी बहिणीकडं निघालोय..."

"बहीण पळून जात न्हाय."

मथुराबाई दारातच उभ्या होत्या. पेढ्याच्या डब्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"आता कशाला आणलेत? व्याह्यांनी भरल्या मांडवात इचारलं, पेढं देणं बी जड झालं का म्हणून. माझी लेक खाली मान घालून बसली. अन् ही म्हणती ऑर्डर आली न्हाय! म्या बटन दाबलं की. दोन्दा दाबलं!"

"मावशी, तुम्ही ईमेल टाकला नसणार," कृष्णराज म्हणाला. "ते कम्पल्सरी..."

भुवनेश्वरीनं त्याच्याकडं असं बघितलं, की बिचाऱ्याचं वाक्य तिथंच विरलं.

"आता भरा मावशी," ती म्हणाली. "यांच्यासमोर भरा."

मथुराबाईंनी ओसरीवर बसून फोन हातात घेतला. नाव, गाव, नंबर झाला. मग जन्मतारीख आली. "पेढं मला पायजेत का माझ्या वाढदिवसाला?" त्या पुटपुटल्या. ईमेलचा रकाना त्यांनी तसाच सोडला आणि खालचं बटण दाबलं. पडदा जरासा हलला. पार वर, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, ईमेलशिवाय ऑर्डर जाणार नाही अशी इंग्रजीत एक लाल ओळ उमटली. मथुराबाईंनी समाधानानं फोन खाली ठेवला.

"गेली बघा ऑर्डर."

कृष्णराजच्या डोळ्यांतलं हसू केव्हाच गेलं होतं. तो उठला आणि वाकून त्यानं मथुराबाईंच्या पायाला हात लावला. "मावशी, चूक माझी हाय. हिची न्हाय. मी फॉर्म केला, पण दुसऱ्या कुणाला भरताना कधी बघितलंच न्हाय."

मथुराबाईंनी त्याला खांद्याला धरून उठवलं. मग त्यांनी डबा जवळ ओढला. "लग्नाच्या ऑर्डरीचं बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

वाशीच्या स्टँडवर भूमच्या गाडीची वाट बघताना भुवनेश्वरीचा राग उतरायच्या ऐवजी चढतच गेला. कारण तिला आठवलं होतं. ईमेल, जन्मतारीख, सगळं कम्पल्सरी घ्या, पुढं जाहिरात पाठवता येईल, असा निरोप मामांकडून तिनंच धाडला होता!

"ते रकाने मी सांगितले होते," ती एकदम त्याच्यावर कडाडली. "तुला माहीत होतं ना? मग तिथं गप का बसलास?"

आपण 'तू' म्हणालो हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. त्याच्या ते आधीच आलं होतं.

"तुमचं दुकान हाय," तो हळूच म्हणाला. "मला काय, शिव्या खाल्ल्या अन् विसरलो."

"उपकार नकोत मला तुमचे! काढा तो लॅपटॉप."

बाकड्यावर दोघांच्या मध्ये लॅपटॉप उघडला. उन्हानं पडदा दिसेना, म्हणून तिनं ओढणीची सावली धरली. त्या सावलीत दोन डोकी जवळ आली. तिच्या केसांना भट्टीच्या धुराचा आणि वेलदोड्याचा वास होता. कृष्णराजनं एक अक्षर तीनदा चुकवलं.

"जन्मतारीख उडवा. ईमेल उडवा."

"पिनकोड?"

"गावाचं नाव पुरतं. अन् चुकलं तर चुकलेल्या रकान्याच्या खालीच सांगा, मराठीत. ऑर्डर पोचली की काय दिसणार?"

"'धन्यवाद.'"

"नुसतं धन्यवाद? त्यानं माणसाला काय कळतं? लिहा... 'तुमची ऑर्डर मिळाली. पेढे कधी पोचतील ते फोन करून सांगतो.'"

"कोण करणार फोन?"

"मीच करणार."

"मग... मी पण एक ऑर्डर देऊन बघू का?"

"गाडी आली," ती रागानं म्हणाली, आणि गाडीत बसल्यावर तिला खिडकीतून मागं वळून बघावंसं वाटलं, याचाही तिला राग आला.

नव्या फॉर्मवर ऑर्डरी येऊ लागल्या. कृष्णराज या ना त्या निमित्तानं भूमला येऊ लागला, दर खेपेला भांडून परत जाऊ लागला. एकदा मथुराबाईंनी लग्नाची ऑर्डर फॉर्मवरूनच दिली, तेव्हा ती बातमी भुवनेश्वरीनं सगळ्यात आधी त्याला कळवली. मग मात्र तो येईनासा झाला. फोन नाही, काही नाही. ती आईवर चिडली, मामांवर चिडली, कढईत उलथनं आपटत राहिली.

आणि एका सकाळी तो दारात उभा राहिला.

"होतात कुठं?" खवा ढवळायचं न थांबवता तिनं विचारलं.

"मामांकडं गेलो होतो... तुमच्याबद्दल विचारायला. ते हो म्हणाले. तुमच्या आई पण हो म्हणाल्या."

उलथनं थांबलं. भुवनेश्वरीच्या गालावर आधीच जाळाची लाली होती, त्यामुळं लाजेची कुठली आणि रागाची कुठली, सांगणं कठीण होतं.

"मामाला विचारलं. आईला विचारलं. लग्न काय त्यांच्याशी करणार हायस?"

"न्हाय..."

"मग मला कुणी विचारायचं?"

कृष्णराज चप्पल काढून आत आला, भट्टीच्या धगीत, अगदी तिच्यासमोर. "चुकलं. आता विचारतो. भुवनेश्वरी, माझ्याशी लग्न करशील?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले, धुराच्या नावाखाली.

"करीन," ती म्हणाली. "पण मला सगळ्यात शेवटी विचारलंस, त्याचा राग माझा लई दिवस जाणार न्हाय. आता ये इकडं, हे धर उलथनं. खवा लागतोय खाली."