दगडूचं नामबळ

"नाव हेच माणसाचे पहिले प्रारब्ध होय, हे विज्ञानाने आता सप्रमाण सिद्ध केले आहे." बार्शीतल्या एका प्रसूतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर हे वाक्य सोनेरी अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्या खाली चिकटपट्टीनं डकवलेला दुसरा कागद होता. "येथे डबे धुऊ नयेत." सोनेरी वाक्य वाचून लोक निमूट पुढे जात. डब्यांच्या सूचनेवर मात्र रोज कोणी ना कोणी वाद घालत असे.

या दोन कागदांच्या शेजारी नामवेध यंत्र उभं होतं. पूर्वी रेल्वे स्टेशनांवर वजनाचं यंत्र असे आणि वजनाच्या चिठ्ठीमागे भविष्य छापलेलं असे; हेही साधारण तसंच होतं, फक्त भविष्य आता चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला आलं होतं. बाळासाठी योजलेलं नाव त्याच्यासमोर उच्चारायचं. मग ते त्या नावाचा उगम, अर्थ आणि नामबळ छापून देई. नामबळ हा शून्य ते शंभरमधला आकडा. नव्वद देशांतल्या चारशे कोटी माणसांच्या संगणकीय नोंदी चाळून कोणत्या नावाची माणसं किती जगतात, हे यंत्रानं काढलेलं होतं. का जगतात, ते मात्र ते सांगत नसे. कारण शोधणं हे जुनं विज्ञान झालं, नवं विज्ञान नुसता संबंध शोधतं, असं यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात म्हटलं होतं.

शलाका ढेपे तिसऱ्या दिवशी भाच्याला बघायला आली, तेव्हा यंत्रापुढे सात जणांची रांग होती. प्रत्येक जण तोंडावर हात धरून नाव पुटपुटत होता. एकच नाव फार जणांनी ठेवलं की त्याचं नामबळ उतरतं, अशी वदंता होती. तिच्या पुढच्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "तुम्ही ऐकलं नाही ना काही?"

"नाही."

"ऐकलं असेल तर ठेवू नका."

शलाका कॉलेजात तेवीस वर्षं मराठी शिकवत होती. घरातली एकुलती एक आत्या असल्यानं बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगण्याचा मान तिचा होता. आठ महिने तिनं एक नाव मनात जपलं होतं. आपली पाळी आल्यावर तिनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "शाल्मल."

चिठ्ठी आली. उगम संस्कृत. अर्थ सावरीचं झाड. नोंदी सात. नामबळ : पुरेशी माहिती नाही.

खोलीकडे जाताना तिनं पाळण्यांवरच्या पट्ट्या वाचल्या. आर्यमान आणि त्विषा यांचा कचरू. रेयांश आणि समायरा यांचा केरबा. खिडकीशी निजलेला गोरापान मुलगा धोंडिराम होता आणि त्याच्या पाळण्यावर परदेशी बनावटीचं हस्तिदंती रंगाचं झुंबर फिरत होतं.

मैथिली, तिची भावजय, उशाला टेकून बसली होती. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली.

"ताई, पुरेशी माहिती नाही म्हणजे काय?"

"म्हणजे त्याला माहीत नाही."

"सातच नोंदी आहेत. बाकीचे कुठे गेले?"

"बाकीचे कुणी नव्हतेच गं. लोकांना हे नाव सुचलंच नाही."

मैथिलीचा विश्वास बसला नसावा. तिनं चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ती पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. खुर्चीतून शलाकाचा भाऊ निनाद म्हणाला, "ताई, आम्ही दगडू ठरवलंय. शहाण्णव आहे. जिल्ह्यात याच्या वर काही नाही."

"दगडू."

"मलाही आवडत नाही. पण शहाण्णव आहे."

"अरे, तू ठिबक सिंचनाची गणितं करतोस. एक शब्द कानात सांगितला की माणूस जास्त जगतो, हे तुला पटतं?"

उत्तर मैथिलीनं दिलं, तेही बाळाकडे बघत. "आधीची दोन्ही नावं तुम्हीच ठेवली होती, ताई. अन्वय चाळीस दिवस होता. मृगांक चार महिने. मी कधी काही बोलले का?"

ती खरोखरच कधी काही बोलली नव्हती. शलाकाला आता ते जास्त लागलं.

कंपनीच्या सल्लागार टोणपेबाई तळमजल्यावर बसत. त्या मूळच्या परिचारिका, बोलणं मऊ. शलाकाची खात्री होती की या प्रकारात काहीतरी काळंबेरं आहे; त्यांच्या टेबलाचा खण उघडला तर ते तिथेच सापडेल, अशा थाटात ती समोर बसली.

"दगडू या नावाला शहाण्णव गुण कसे?"

"आकडा यंत्र काढतं, मॅडम. या नावाच्या माणसांचं सरासरी आयुष्य सत्त्याऐंशी निघालंय."

"त्या नावाचा अर्थ यंत्राला कळतो?"

"कळतो म्हणूनच तर घोळ झाला. सुरुवातीला आमच्या लोकांनाही वाटलं, चूक आहे. मग बाहेरचे निकाल आले." टोणपेबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे मंगोलियातलं, नेर्ग्वी. अर्थ, नाव नाही. एनेबिश, म्हणजे हा तो नव्हे. तुर्कस्तानात दुर्सुन, राहू दे. आफ्रिकेत योरुबा लोकांत कोसोको, म्हणजे कुदळ शिल्लक नाही."

"कसली कुदळ?"

"पुरायला लागते ती. आणि सर्बियात वूक, लांडगा. का, तर लांडग्याला चेटकिणी घाबरतात. सगळी नव्वदच्या वर. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू, कचरू. आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, हे न्यायच्या लायकीचं नाही. आता मला सांगा, मंगोलियाच्या आईनं बार्शीच्या आईला कधी विचारलं होतं?"

हे सगळं शलाकाला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. असं एका पडद्यावर तिनं कधी पाहिलं नव्हतं. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बायका हजार वर्षं एकच थाप एकाच कोणाला तरी मारत होत्या, आणि यंत्र म्हणत होतं की तो कोणीतरी थापेला फसतो.

"या नोंदी येतात कुठून?"

"शाळेचे दाखले, मतदारयाद्या, दवाखाने. प्रत्येक नोंद तपासलेली आहे. आमचं पुढचं उत्पादनही त्यातूनच आलंय. एक जूनला जन्मलेले लोक सगळ्यांत जास्त जगतात."

"कुठे?"

"सध्या फक्त भारतात दिसतंय. संशोधन चालू आहे." त्यांनी आवाज उतरवला. "वरच्या मजल्यावर एक जूनची सिझेरियन आत्ताच भरलीत."

"तुमच्या मुलाचं नाव काय, टोणपेबाई?"

"अथर्व. तेव्हा यंत्र नव्हतं."

"मग बदलणार?"

"तो ऐकत नाही. बावीस वर्षांचा आहे."

कंपनीच्या पत्रकावर एका म्हाताऱ्याचा फोटो होता. दगडू सखाराम लवटे, वय शहाण्णव, नामबळ शहाण्णव. वय आणि नामबळ एकच यावं, हे शलाकाला फार सोयीचं वाटलं. असा माणूस नसणारच, असं तिनं घरी जाहीर केलं. निनादनं शोध घेतला. माणूस होता, आणि बार्शीपासून तासाभरावरच्या सोनगिरवाडीत होता.

मग मैथिलीनंच एक गोष्ट मागितली. बाळाला पहिलं दुपटं दीर्घायुषी माणसाच्या जुन्या, मऊ कापडाचं करतात. लवटे आबांच्या धोतराचा तुकडा मिळाला तर बारशाला तेच दुपटं असेल, आणि नाव दगडू असेल. तो अकरावा दिवस होता आणि बारसं दुसऱ्या दिवशी होतं. नगरपालिकेच्या नोंदणीत नावाचा रकाना भरून ठेवलेला होता, पक्का करायला तेवढं मैथिलीचं बोट लागायचं होतं. "तुम्ही दोघं बघून या," ती म्हणाली. "माणूस खरा असेल तर ताईंनी कुर्र करावं. नाहीतर माझी आई करील."

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. तिला घाई होती, इतकंच.

सोनगिरवाडीत लवट्यांच्या दारात चार मोटारी उभ्या होत्या. ओट्यावर आबांची सून, सत्तरीची, कात्री घेऊन बसली होती. "एका घराला वीतभर," ती सगळ्यांना सांगत होती. "जास्त मागायचं न्हाई. पैका न्हाई, कायी न्हाई, पन वीतभरच."

शलाकानं तुकडा बोटांत चोळून पाहिला. कोऱ्या कापडाची कांजी तशीच होती.

"मावशी, हे आबांनी नेसलेलं आहे ना?"

"न्हाई कसं? सकाळधरनं तीन नेसवली की त्यास्नी."

आत बाजेवर आबा बसले होते. माणूस खरा होता. अंगात कंपनीनं दिलेला सदरा, त्याच्या छातीवर शहाण्णव हा आकडा. कमरेला चौथं धोतर. नजर स्वच्छ होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे ते थोड्या संशयानंच बघत होते. इतके लोक आपलं धोतर का नेतात, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं दिसत नव्हतं.

निनादनं पाया पडून मोबाइल लावला आणि बाजेवर ठेवला. "आबा, बाळाची आई आहे फोनवर. आशीर्वाद द्या."

"दिला," आबा म्हणाले. "नाव काय ठिवताय?"

"दगडू."

"कशापायी?"

निनादला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. शलाकानं स्टूल पुढे ओढलं.

"आबा, तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

"ती कोणी सांगितली?"

"मास्तरनं घातली. आमच्या समद्या वर्गाची एक जूनच हाय. साळा जूनात लागती, मग मास्तर तरी काय करील?"

निनाद हसला, पण अर्ध्यावरच थांबला. शलाका हसलीही नाही. यंत्राच्या अंगरख्याचा एक दोरा हाती आल्यासारखं तिला वाटत होतं, आणि तो ओढावा की नाही हे तिला कळत नव्हतं, कारण फोनवर मैथिलीचा श्वास ऐकू येत होता.

"तुमचं नाव दगडू का ठेवलं, आबा? आधीची मुलं गेली म्हणून?"

"व्हय. थोरला शिवराम. लई देखना व्हता म्हनं. वरसाचा व्हऊन गेला. मग गावातल्या बायांनी आईला सांगितलं, वंगाळ नाव ठिव, म्हंजी सटवी इचारत न्हाई."

"मग तुम्ही झालात."

"न्हाई. मग दगडू झाला."

बाहेर कात्रीचा आवाज येत होता. निनाद म्हणाला, "म्हणजे तुम्हीच ना?"

"म्या कुटला? त्यो पाचव्या दिशी गेला. मग आनिक दगडू झाला. त्यो रांगाया लागला व्हता. मग आनिक दगडू, त्यो म्या." आबांनी धोतराची निरी सारखी केली. "आईला दुसरं वंगाळ नाव सुचंना."

बाजेवरच्या मोबाइलमधून मैथिलीचा आवाज आला, अगदी साधा, प्रसूतिगृहात विचारलं होतं तसाच. "आबा, मग त्या दोघांची नोंद कुठे आहे?"

आबा मोबाइलवर वाकले. बाई लांबून बोलते आहे, म्हणून जरा मोठ्यानं बोलले.

"कसली नोंद, बाई? साळंत घातल्यावर मास्तर नाव लिवायचं. ती दोघं साळंपातूर आलीच न्हाईत."