पाच तारे, शून्य ठसा

डॉ. मंदाकिनी हुद्दार यांनी वाचकांच्या पसंतीची यादी प्रयोगशाळेच्या टेबलावर आपटली. पहिल्या क्रमांकावर 'पहाटे उठा, जग जिंका'. पाचपैकी चार पूर्णांक नऊ दशांश तारे. त्याखाली तसलीच चाळीस पुस्तके. वाचक मुळात थोरच आहे, फक्त उशिरा उठतो, एवढेच त्या सगळ्यांचे म्हणणे.

यादीच्या तळाशी होते 'साप चावल्यावर'. एक पूर्णांक दोन दशांश तारे. तीनच्या खालचे पुस्तक गावोगावच्या वाचनालयांतून काढून टाकायचे, असा ग्रंथनिवड मंडळाचा नियम होता. त्या पुस्तकाचे लेखक, नंदुरबारकडचे डॉ. रघुनाथ वळवी, समोरच बसले होते.

"मी भगताचा अपमान केला म्हणतात," वळवी म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात भगताकडचे मंत्र-तंत्र उरकून अकरा जण आले माझ्याकडे. चार गेले. पण जिथं पुस्तक फिरलंय, तिथले लोक मला शिव्या देत का होईना, थेट दवाखान्यात येतात. हे कसं, मॅडम?"

"अगदी माझ्या संशोधनातल्या नियमाप्रमाणे." बाईंनी ठसामापकाचा टोप उचलला. "वाचताना मेंदूत किती नवे जोड तयार झाले, ते हा मोजतो. जुनं मत मोडायला मेंदूला कष्ट पडतात. कष्ट पडले की माणूस चिडतो, आणि चिडला की तारे कापतो. तीन हजार वाचक तपासले मी. जिथे पाच तारे, तिथे ठसा शून्य."

"म्हणजे लोक स्वतःलाच तारे देतात."

"आणि वर अभिप्राय लिहितात, 'आयुष्य बदललं'! आयुष्य सोडा, उठायची वेळसुद्धा बदललेली नसते."

दुपारी मंडळाच्या पाचही सदस्यांनी टोप घालून बाईंचा अहवाल वाचला. बाईंना या माणसांची मनस्वी किळस होती. त्यातही निवृत्त तहसीलदार विश्वासराव घोरपडे यांची जास्तच. ते बैठकीत घोरत. पण आज वळवींच्या पुस्तकाचे भवितव्य याच लोकांच्या हातात होते.

"अप्रतिम!" अध्यक्ष चांदोरकर म्हणाले. "मी कधीपासून हेच सांगतोय. लोकांना विचार नकोच असतो. पाच तारे!" आणखी तिघांनी पाच-पाच दिले. लगेच शाल-श्रीफळ आले, टाळ्या झाल्या. शाल सावरताना बाई मनातून सुखावल्या, हे कबूल केले पाहिजे.

घोरपड्यांनी मात्र अहवाल भिरकावून दिला. "आम्हाला काय मूर्ख समजता? चाळीस वर्षं वाचतोय मी! बाई, तुमच्यासारखी उद्धट बाई पाहिली नाही. एक तारा!"

"आता वळवींच्या पुस्तकाचं," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. "अहवाल उत्तमच आहे, पण नियम म्हणजे नियम. काढून टाकायच्या बाजूने कोण?"

चार हात झटकन वर गेले.

वळवींनी बाईंना ठसामापकाचा भिंतीवरचा पडदा दाखवला. चार काटे शून्यावर झोपले होते. पाचवा लाल पट्ट्यात थरथरत होता. बाईंना अंगावरच्या शालीची लाज वाटली.

"ठेवायच्या बाजूने?" अध्यक्षांनी उपचार म्हणून विचारले.

"भिकार अहवाल आहे," घोरपडे गुरगुरले आणि बाईंकडे न बघता त्यांनी एकट्यानेच हात वर केला.