शकूमावशींचं ‘येते मी’

“खुर्चीत बसलेलं माणूस ‘येते मी’ म्हणालं, तर ते येणार कुठून?” टिपणने विचारलं.

टिपण हा नानांचा यंत्रमानव. आणि नाना म्हणजे माझे आजोबा, मानसशास्त्रज्ञ (माणूस कसा विचार करतो, कसा वागतो ते शोधणारे). कुडाळच्या त्यांच्या मेंदू केंद्रात मी या सुट्टीत माझा पहिलावहिला प्रयोग करत होते. चाळीस माणसांच्या नोंदी हव्या होत्या. आजच्या चाळिसाव्या होत्या शेजारच्या रोपवाटिकेतल्या शकूमावशी. त्यांचा आलेख तर सगळ्यांत सुरेख आला होता! मी नुसती हवेत होते.

आतल्या खोलीत डोक्यावर तारांचा टोप घालायचा आणि टिपण वाचेल ती वाक्यं ऐकायची, एवढंच. “चहात साखर घातली” म्हटलं की मेंदू शांत. “चहात छत्री घातली” म्हटलं की अर्ध्या सेकंदाच्या आत पडद्यावर लाट उसळते! कारण मेंदू नुसता ऐकत बसत नाही, पुढचा शब्द आधीच ताडतो. अंदाज चुकला की असंख्य मज्जापेशी (विजेच्या सूक्ष्म लहरींनी निरोप धाडणाऱ्या पेशी) एकदम कामाला लागतात. ती लाट पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

“नीट सांग, काय झालं?” नानांनी विचारलं.

“सतराव्या वाक्यानंतर त्या म्हणाल्या, ‘बरंय, येते मी.’ मी ‘या’ म्हणालो आणि अठरावं वाक्य सुरू केलं.”

मी कपाळाला हात लावला. “अरे शहाण्या, येते म्हणजे जाते! निघताना ‘जाते’ म्हणतं का कुणी? अभद्र वाटतं ते.”

“शब्द तर उलटा आहे. मग तुम्हाला कळतं कसं?”

“शब्द एकटा नसतो रे,” नाना म्हणाले. “बोलण्याचा सूर, दाराकडे गेलेली नजर, लहानपणापासून ऐकलेले हजारो निरोप, हे सगळं मेंदू एका क्षणात जुळवतो. चाळीस वर्षं अभ्यास करतोय मी, पण अजून थक्क होतो.” त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू झाला होता.

मग ते माझ्याकडे वळले. “केतके, संमती (सगळं समजावून घेतलेली परवानगी) घेताना मावशींना काय सांगितलं होतंस?”

“कधीही उठून जाता येईल.”

“त्या निघाल्या होत्या. आपण जाऊ दिलं नाही.”

मी पडद्याकडे बोट दाखवलं. “पण सगळ्यांत चांगली नोंद आहे ती! त्यांना कुठं कळणार आहे?”

“तुला कळलंय ना?”

मी मुकाट्याने रोपवाटिकेत गेले आणि सगळं सांगून टाकलं. “चुकलं आमचं, मावशी.”

“अगो, जीव घुसमटला माझा टोपात! यंत्र ‘या’ म्हणतंय आणि सोडत तर नाही. म्हटलं, पोरीचा प्रयोग, कशाला मोडता घाला.”

“नोंद ठेवू की पुसू? तुम्ही म्हणाल तसं.”

“आधी दाखव तरी.”

केंद्रात येऊन पडद्यासमोर मावशी बघतच राहिल्या. “ह्यां सगळां माझ्या डोक्यात? भाजी चिरतानासुद्धा?”

“झोपेतसुद्धा.”

त्यांनी लाटेवरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “पूस गो. मी तेव्हा घाबरले होते. लाट तुझ्या वाक्याची की माझ्या भीतीची, कोण सांगणार?”

नाना खुर्चीतून उठलेच. “मावशी, हे मला सुचायला हवं होतं!”

मी बटण दाबलं. सुरेख लाट पुसली गेली आणि मला रडूच आलं. अहवालात लिहिलं, ‘एकोणचाळीस नोंदी. चाळिसावी आमच्या चुकीमुळे पुसली.’

“रडतेस काय?” मावशी म्हणाल्या. “घाबरलेल्या मेंदूला शब्द वेगळे ऐकू येतात काय, ते शोध बघू!”

मी नानांकडे पाहिलं. “याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडेच नाही,” ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

मी वहीचं कोरं पान उघडलं आणि मावशींचा प्रश्न लिहिला. खाली त्यांचं नावही लिहिलं, आधी त्यांना विचारून.