उजवीकडची स्क्रीन

दिनेश खैरनार हा उगाच कशावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला उमेदीची वर्षं गेलेली. मशीन बंद पडलं की बाकीचे नशिबाला बोल लावतात, हा आधी फ्यूज बघतो. त्यामुळे त्याचा मेहुणा संतोष याने पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधून भंगारात निघालेला लॅपटॉप आणून दिला, तेव्हा दिनेशच्या बायकोने, ज्योत्स्नाने, नाक मुरडलं. दिनेश मात्र खूश.

"अहो, पोरीचं बारावीचं वर्ष आहे. या डबड्यावर ती टेस्ट देणार?"

"डबडं नाही गं. विंडोज जड होतं त्याला. हलकंफुलकं लिनक्स टाकतो, मग बघ कसा पळतो."

पोरगी म्हणजे साक्षी, एकुलती एक. मोबाइलवर गणितं वाचून वाचून तिचे डोळे लाल व्हायचे. तिचं इंजिनिअरिंग व्हावं यासाठी नवरा-बायकोने जिवाचं रान केलं होतं.

लिनक्स बिनबोभाट पडलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, हुकूम टाइप केला की काम व्हायचं. पण चित्रं, खिडक्या, माउसचा बाण असलेली नेहमीची स्क्रीन सुरू करायला गेलं की ठार अंधार. पंखा फिरतोय, डिस्क कुरकुरतेय आणि समोर काही नाही. अख्खा रविवार त्यात गेला. ज्योत्स्नाने दोनदा वरण गरम केलं आणि तिसऱ्यांदा करणार नाही असं बजावलं. शेवटी दिनेशने मशीनलाच विचारलं, बाबा, तुला स्क्रीन किती जोडल्यात? उत्तर आलं, दोन. एक लॅपटॉपची स्वतःची. दुसरी बाहेरची, जोडलेली आणि चालू.

आता ही दुसरी कुठली? लॅपटॉपला चार्जरशिवाय एक वायर नव्हती. बाहेरची स्क्रीन लावायचं भोक त्याने टॉर्च मारून पाहिलं, तर कुणीतरी ते एम-सील भरून बुजवून टाकलेलं. त्याने संतोषला फोन लावला.

"ते आधीपासूनच बुजवेल हाय दाजी," संतोष म्हणाला. "कोणी बुजवलं काय माहीत. आपल्या शेडमंदी धूळ लय, म्हणून असंल."

दिनेशला पटलं. जुन्या मशीनना असे भास होतात, हे त्याने इंटरनेटवर वाचलंही. मग ती भासातली स्क्रीन बंद करून पाहिली, तर खरीही विझली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा त्याने कारखान्यात करतात तेच केलं. एखादा सेन्सर खोटं बोलत असेल आणि बदलायला वेळ नसेल, तर ते खोटं खरं धरूनच लाइन चालू ठेवायची, मालाला खोळंबा नको. त्याने मशीनला सांगितलं, ठीक आहे, आहे तुझी दुसरी स्क्रीन. लॅपटॉपच्या उजव्या बाजूला आहे.

जागा दिली मात्र, डेस्कटॉप लख्ख उजळला.

"आला रे आला!" दिनेश ओरडला. साक्षी धावत आली आणि बापाच्या गळ्यातच पडली.

लॅपटॉप तिच्या टेबलावर गेला. टेबलाच्या उजवीकडे पिस्ता रंगाची कोरी भिंत, तिला खिडकी नाही की काही नाही. माउसचा बाण उजव्या कडेवरून पलीकडे निघून जायचा, तेवढी एक खोड राहिली. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणून दिनेशने सोडून दिलं.

दिवाळीपर्यंत रुळेल असं वाटलं होतं. पोरगी आठवड्याभरातच रुळली. क्लासमध्ये मार्क वाढले. ज्योत्स्ना डबड्याचं कौतुक करायला लागली. दिनेशला एकच खटकायचं, साक्षी मान उजवीकडे वळवून बसायची.

"मान धरेल गं, सरळ बस."

"नोट्स तिकडे ठेवल्यात ना पप्पा. इकडे गर्दी होते."

"तिकडे म्हणजे?"

"तुम्हीच तर जागा केली!" ती हसली आणि उघडलेली खिडकी माउसने कडेबाहेर ढकलून दिली. मग भिंतीकडे पाहत तिने वहीत गणित उतरवून घेतलं. दिनेशही हसला. पाठ झालं असेल कार्टीला, त्याने स्वतःची समजूत घातली. उत्तर मात्र त्याने वहीत नीट तपासून पाहिलं नाही.

खंडेनवमीला सगळ्या घरांत होते तशी हत्यारांची पूजा झाली. पक्कड, टेस्टर, मिक्सर, दारातली स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. लॅपटॉपला साक्षीने लावलं. मग पुन्हा करंड्यात बोट बुडवून तिने ते उजवीकडे, भिंतीच्या दिशेने नेलं आणि हवेतच टेकवलं.

"हे काय?" ज्योत्स्नाने विचारलं.

"त्याला नको का?" साक्षी म्हणाली.

दिनेशने तिचं बोट पाहिलं. स्वच्छ होतं. त्याने भिंत पाहिली, टेबल पाहिलं, वाकून फरशी पाहिली. कुंकू कुठेच नव्हतं.

माणूस घाबरला. स्वतःशीसुद्धा कबूल मात्र केलं नाही. पुजलेलं हत्यार आज वापरायचं नसतं, असं निमित्त करून त्याने लॅपटॉप बाहेरच्या खोलीत नेला, त्याच्यावरचं कुंकू पुसलं आणि तोच जुना प्रश्न पुन्हा टाइप केला.

बाहेरची स्क्रीन: जोडलेली, मुख्य.

लॅपटॉपची स्क्रीन: जोडलेली नाही.

त्याने ते दोनदा वाचलं. ज्या स्क्रीनवर तो हे वाचत होता, ती नाहीच, असं मशीन म्हणत होतं.

त्याने बॅटरी काढली. डिस्क काढली. सांगाडा पिशवीत घातला आणि सण आहे, लोक काय म्हणतील, हे मनातही न आणता स्कूटरवरून जाऊन भंगारवाल्याकडे टाकून आला. डिस्कवर त्याच्यासमोरच हातोडा घातला. परतताना त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने साक्षीसाठी कुल्फी घेतली. रडेल थोडी. हप्त्याने नवा घेऊ. पोरगी महत्त्वाची.

घरी दुपारची सामसूम होती. आभाळ भरून आलं होतं, घरात दिवे लागले नव्हते. ज्योत्स्नाचा डोळा लागला होता. दिनेशने साक्षीच्या खोलीचं दार लोटलं.

ती टेबलाशी बसली होती. टेबल मोकळं होतं. मान उजवीकडे, ओठ हलत होते, पेन वहीवर भराभर चालत होतं.

"साक्षी."

"हं."

"बेटा, लॅपटॉप मी दिला टाकून."

"बरं," ती म्हणाली. तिने मानही वळवली नाही.

तिच्या उजव्या गालावर फिकट निळसर उजेड पडला होता.

दिनेशच्या हातातली कुल्फी गळायला लागली. तो सावकाश पुढे झाला आणि तिच्या नि भिंतीच्या मधे, भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

तिच्या चेहऱ्यावर त्याची सावली पडली.

"पप्पा," साक्षी लाडीकपणे म्हणाली, "सरका ना थोडं. त्याचं लिहून व्हायचंय."