भाड्याच्या सिनेमाचा शेवट

काशीदच्या रस्त्यावर सुरूचं झाड आडवं पडलं नसतं, तर प्रज्योत त्या दुपारी नेत्राच्या दारावरून सरळ मुरूडला निघून गेला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण झाड पडलं. तेही नेमकं तिच्या फाटकापुढे.

पावसाची नवलाई तेव्हा केव्हाच संपली होती. आषाढ सरत आला होता. भिंतींना ओल आली होती, वाळत घातलेले कपडे वाळायचं नाव घेत नव्हते आणि किनाऱ्यावरचे स्टॉल ताडपत्रीत गुंडाळून पडले होते. घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांना कुलूप लागलं होतं. नेत्रा ओटीवर उभी राहून त्या झाडाकडे बघत होती, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात मोटारसायकलवरचा एक तरुण फाटकाशी थांबला. रेनकोटातून पाणी निथळत होतं.

"झाड हलवेपर्यंत थांबू का इथे?"

"थांबा ना. तसंही सध्या आमच्याकडे थांबायला कोणी येत नाही."

तो ओटीवर आला. त्याच्या पिशवीतून वायरचं भेंडोळं डोकावत होतं.

"तुम्ही केबलवाले?"

"इंटरनेटवाला म्हणा. केबलवाला म्हटलं की लोक आधी शिव्या घालतात, मग पाणी विचारतात."

नेत्राने त्याला पाणी दिलं आणि आतून एक खोकं आणलं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. "भावाने, हर्षदने, उलव्याहून पाठवलाय. टीव्हीला लावायचा बॉक्स. मला जमत नाही असं नाही हं... वेळच मिळाला नाही."

"गिऱ्हाईक नाही, खोल्या बंद, बाहेर हा असा पाऊस... आणि वेळ नाही?"

तोंड गंभीर होतं, डोळे मात्र हसत होते. नेत्राला आधी राग आला. मग हसू आलं, आणि आपण किती दिवसांनी हसलो याचंच तिला नवल वाटलं.

आतल्या खोलीत खाटेवर तिची आई, तुळशी, भिंतीला टेकून बसली होती. तिचं हृदय थकलंय, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. थकलं म्हणजे काय ते नेत्राने विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. नेत्राची सगळी दुनिया आता या खाटेभोवती फिरत होती. पेज, गोळ्या, पायांवरची सूज... आणि खिडकीबाहेर राखाडी समुद्र.

प्रज्योतने बॉक्स जोडला आणि तुळशीच्या हातात रिमोट दिला. "काकी, यात नवे-जुने सिनेमे भाड्याने मिळतात. एकदा सुरू केला की दोन दिवस बघायचा. मग आपोआप बंद."

"म्हंजे आपल्या खोल्यांसारखाच की," तुळशी म्हणाली. "दोन दिस र्‍हायचा, मंग खोली खाली करायची."

"अगदी तसंच!"

बाहेर झाड कापून बाजूला केल्याला बराच वेळ होऊन गेला, तरी तो सिनेमाची यादी समजावून सांगत बसला होता. नेत्रानेही त्याला झाडाचं सांगितलं नाही.

तुळशीला सिनेमांचं वेडच लागलं. फक्त एक अडचण होती. दुपारची गोळी घेतली की अर्ध्या सिनेमातच तिचे डोळे मिटायचे. झोपण्याआधी बजावायची मात्र न चुकता, "मी झोपले का बंद कर हां. माझ्याबिगर शेवट बघायचा न्हाय." नेत्रा बंद करायची. दुसऱ्या दिवशी लाईट जायची, नाहीतर वाऱ्याने वायर तुटायची. लाईट परत येईपर्यंत सिनेमाची मुदत संपलेली असायची. कोणाचं कोणाशी लग्न झालं, कोण मेलं, कोण परत आलं, काही म्हणजे काही कळायचं नाही.

वायर जोडायला प्रज्योत यायचा. तो मूळचा सासवण्याचा. रेवदंड्याला मामाकडे राहून काम करायचा. एकदा तुळशीने त्यालाच धरलं. "तू तर ह्यातलाच मानूस. त्या दीपस्तंभावरच्या पोरीचा पुढं काय झाला रं?"

प्रज्योतने पक्कड खाली ठेवली, ऐसपैस मांडी घातली आणि शेवट सांगितला. असा सांगितला, की तुळशीच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि ती हसतही होती. वादळ शमतं, धुकं विरतं, आणि लांबून एक बोट येताना दिसते. बोटीत नायक!

मग ते नेहमीचंच झालं. वायर धड असली तरी तो "सहज बघून जातो" म्हणून यायला लागला. येताना कधी रेवदंड्याच्या बेकरीतले गरम पाव, कधी आईसाठी शहाळं. नेत्राच्या हातातून चहाचा कप घेताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ थांबायची... आणि तिलाही कप सोडायची घाई नसायची.

"एक विचारू?" एकदा फाटकापर्यंत सोडायला आलेल्या नेत्राने त्याला अडवलं. "परवाचा सिनेमा राजस्थानातला होता. वाळवंटातला. तरी शेवटी नायक बोटीने कसा काय आला?"

प्रज्योतने हेल्मेटची पट्टी लावण्यात बराच वेळ काढला. "प्रेक्षक कोकणातला आहे ना. एसटीने आला असता तर काकींना पटलं नसतं."

"म्हणजे तुम्ही थापा मारता!"

"थापा नाही... दुरुस्ती. माझं कामच ते आहे."

ती खळखळून हसली. तो गेल्यावर घर एकदम रिकामं वाटलं, आणि तेव्हा तिला कळलं की आपण त्याच्या प्रेमात पडलोय. कळून आनंद व्हायला हवा होता. पण आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला आणि तिने ते तिथेच, ओटीवरच सोडून दिलं.

नारळी पौर्णिमेला त्याने सांगितलं. आईसाठी नारळीभात घेऊन आला होता. डबा देता देता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "कतारला काम मिळालंय. केबल टाकायचं. दोन वर्षांचा करार आहे. पावसानंतर मांडव्याहून मुंबईच्या बोटी सुरू झाल्या की निघायचं."

"अरे वा," नेत्रा म्हणाली. "छान झालं."

"तुम्ही कधी... म्हणजे, काशीद सोडून कुठे जायचा विचार..."

"आई आहे ना."

"हो. हो, ते आहेच." त्याने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. तिला वाटत होतं, आपण एक शब्द बोललो तर हा जायचाच नाही. इतक्या मुश्किलीने मिळालेली नोकरी सोडून इथे ओल्या वायरी जोडत बसेल. म्हणून ती गप्प राहिली. आणि रात्रभर छपरावरच्या पावसाचा आवाज ऐकत स्वतःलाच शिव्या देत राहिली.

गणपती झाले आणि तुळशीची तब्येत ढासळली. बोलताना धाप लागायची. एका दुपारी म्हणाली, "मला एक सिनेमा बघायचाय. चौलच्या जत्रेत तंबूत लागला होता. हर्षद मांडीवर होता. त्यानं असा भोंगा लावला, का तुझ्या बापानं मला अर्ध्यातनं उठवून भायेर आनला. शेवट र्‍हायला तो र्‍हायलाच."

नाव तिला आठवत नव्हतं. आठवत होती ती एवढीच गोष्ट, की धक्क्यावर फुलं विकणारी एक बाई असते आणि जहाजावर काम करणारा एक माणूस. नेत्रा आणि प्रज्योत खाटेच्या पायथ्याशी शेजारी शेजारी बसून जुन्या सिनेमांची पोस्टरं सरकवत राहिले. रिमोट एकच होता. दोघांचे हात त्याच्यावर एकदम पडले, आणि या वेळी कोणी मागे घेतला नाही. मागून तुळशी ओरडली, "थांब! हीच ती. फुलांची टोपली बघ!"

सिनेमा लागला. तुळशी डोळे ताणून बघत होती. धक्क्यावर जहाज आलं, माणूस सामान आवरायला लागला, आणि तिचे डोळे मिटले. नेत्राने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला अलिबागला हलवावं लागलं.

दवाखान्यात प्रज्योत भेटायला आला, तेव्हा तिच्या नाकात नळी होती. तरी तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं. "त्या फुलवालीचा काय झाला रं? आन् ह्या टायमाला खरा सांग हां. आधीचे समदे तू बनवून सांगलेस, मला ठावं हाय."

प्रज्योतचा चेहरा उतरला. त्याने चादरीची कड सारखी केली. खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेत्रा उभी होती.

"तो जातो, काकी," तो म्हणाला. "जहाज सुटतं. ती धक्क्यावर उभी असते... आणि काही बोलत नाही."

"कायच न्हाय?"

"नाही."

"येडी कुठली!" तुळशीला धाप लागली, पण ती थांबली नाही. "तोंड दिलंय ना देवानं? आन् त्याला तरी काय झाला होता इचारायला? दोघंबी मुके. बरा झाला, हर्षद रडला ते."

त्या आठवड्यातच ती गेली.

सुतकात टीव्हीवर चादर टाकलेली होती. माणसं येत होती, बसत होती, जात होती. प्रज्योतही एकदा आला, ओटीच्या कडेला बसला. "बोटी सुरू झाल्या," तो म्हणाला. "या रविवारी दुपारी निघतोय." मग तो थांबला. नेत्राला दिसत होतं की तो थांबलाय. ओठांपर्यंत आलेलं सगळं तिने गिळलं आणि म्हणाली, "सांभाळून जा."

तेरावं झालं. रविवारी सकाळी हर्षद उलव्याला परत गेला. जाताना म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकटी काय करशील इथे?" तिने मानेनेच नाही म्हटलं. तो गेल्यावर घरात इतकी शांतता झाली, की ती तिला सोसवेना. तिने टीव्हीवरची चादर काढली. सिनेमाची मुदत कधीच संपली होती. तिने तो पुन्हा भाड्याने घेतला आणि आईच्या खाटेवर, आईच्या जागी बसून, आईचे डोळे मिटले होते तिथपासून लावला.

जहाजाचा भोंगा वाजला. माणूस शिडी चढायला लागला. आणि फुलवालीने टोपली फेकली! ओल्या धक्क्यावरून ती अनवाणी धावत सुटली, गर्दीतून घुसली, त्याची बाही धरली आणि बोलली. सगळं बोलली.

नेत्राच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग तिला भयंकर राग आला. जिने खरं सांग म्हणून विनवलं, तिला त्याने खोटं सांगितलं? जन्मभर शेवटाची वाट बघितलेल्या बाईला? तिने स्कूटरची चावी उचलली.

रेवदंड्याचा पूल, अलिबागची गर्दी, चोंढीचा चढ... बारीक पाऊस सगळीकडे सोबतीला होता. मांडव्याच्या धक्क्यावर पोहोचली तेव्हा बोट लागली होती आणि माणसं रांगेने चढत होती. प्रज्योत रांगेत होता, खांद्यावर मोठी बॅग घेऊन. तिने जाऊन त्याची बाही धरली.

"तू आईला खोटा शेवट सांगितलास!"

ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"मला खरा ठाऊकच नव्हता," तो म्हणाला. "त्यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही, नेत्रा. बाकीचे शेवट सुचत गेले. त्या दिवशी... तू समोर उभी होतीस, माझं तिकीट आलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. मागच्या माणसाने ढोसलं, तसे ते दोघे रांगेतून बाजूला झाले.

"ती बोलते," नेत्रा म्हणाली. "फुलवाली. टोपली टाकून धावत येते आणि बोलते."

"काय बोलते?"

अलिबागपासून तिने मनात वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एक आठवेल तर शपथ. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, एवढंच," ती म्हणाली. "सिनेमात जरा लांबवलंय."

त्याने बॅग खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचं पाणी पावसाचं होतं की डोळ्यांतलं, ते त्याने विचारलं नाही; नुसतं पुसलं. "मग... मी नको जाऊ?"

जाऊ नकोस, हे शब्द तिच्या जिभेवर होते. आई नव्हती, घर रिकामं होतं, आणि समोरचा हा एकच माणूस तिला हवा होता.

"जा," ती म्हणाली. "करार पुरा कर. मी खोल्या उघडतेय, दिवाळीत गिऱ्हाईक येईल. पण परत येशील तेव्हा बोटीनेच ये... आईला तसाच शेवट आवडायचा."

ती बोट त्याला न घेताच सुटली. तो पुढच्या बोटीने गेला. मधला वेळ दोघं धक्क्याच्या ओल्या कठड्याला टेकून उभे होते, बोटांत बोटं गुंतवून.

संध्याकाळी ती घरी परतली. खाट रिकामीच होती. ते बघून ती पुन्हा रडली, मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन तिने टीव्ही लावला. सिनेमाची मुदत अजून उरली होती. ती खाटेच्या पायथ्याशी बसली, उशीकडे तोंड करून.

"आई, ऐक," ती म्हणाली. "ती बोलली."