बोट बदला!

म्हातारा मेला तेव्हा त्याच्या रक्तात नव्याण्णव टक्के ऑक्सिजन होता. यंत्राच्या मते माणूस ठणठणीत. ओठ मात्र निळेशार.

हृदयाचं ऑपरेशन परवाच झालेलं. 'नर्सने ऑक्सिजन बंद केला,' अशी जावयाची तक्रार.

फौजदारबाई भरदुपारी अतिदक्षता विभागात आल्या. स्टुलावर नर्स थिजून बसली होती. अटक झाली तर नोकरी तर जाणारच, वर तुरुंग.

"ऑपरेशन एकदम फर्स्टक्लास झालं होतं," सर्जन म्हणाले.

"पेशंट मेला, डॉक्टर."

"ते नंतर."

बाईंनी वाकून खाटेखाली पाहिलं. ऑक्सिजनची नळी एका जागी चपटी झाली होती. शेजारीच खुर्चीचा पाय.

"ही खुर्ची कुणाची?"

"जावयांची. माझ्या ओळखीतले आहेत, म्हणून आत बसू दिलं," सर्जन पुटपुटले.

बाई नर्सकडे वळल्या. "सिस्टर, काय झालं?"

"ऑक्सिजन उतरला, भोंगा वाजला. बोटाला चिमटा असतो, त्यावर आकडा येतो. बोट गार पडलं की आकडा चुकतो, मग चिमटा दुसऱ्या बोटाला लावायचा. मी शेजारच्या पेशंटची रक्ताची उलटी आवरत होते. तिथूनच जावयांना ओरडले, 'बोट बदला!' लगेच नव्याण्णव आला. थोड्या वेळाने यंत्रावरची छातीच्या ठोक्यांची रेघच सपाट झाली. धावले, पण..."

बाईंनी यंत्रात साठवलेले आकडे मागवले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढल्या. त्या दाराशी उभ्या जावयाकडे वळल्या.

"जावईबापू, माणसाला हृदयं किती?"

"एकच की!"

"तुमच्या सासऱ्यांना दोन होती. छातीवरच्या तारा सांगतात ठोके एकशे वीस. बोटावरचा चिमटा त्याच वेळी सांगतो बहात्तर."

"यंत्र बिघडलं असेल."

"पुढे ऐका. बोटाचे ठोके अठ्ठावन्नवर आले, म्हणजे बोटवाल्याला डुलकी लागली. इकडे छाती थांबली. म्हातारा गेला, आणि बोट? एकशे चाळीस! मेलेला माणूस एवढा घाबरतो का हो?"

जावयाने हात खिशात घातले.

"खुर्ची ओढलीत, पाय नळीवर आला. ऑक्सिजन अडला, भोंगा बोंबलला. सिस्टर म्हणाल्या बोट बदला. तुम्ही सासऱ्यांचं काढून स्वतःचं लावलंत!"

"मला तसंच वाटलं हो! आकडा पण छान आला. सगळं शांत झालं."

"चूक समजू शकते. पण सिस्टर धावत येताना दिसल्या, तसा चिमटा गुपचूप परत सासऱ्यांच्या बोटाला लावलात. खुर्ची सरकवलीत. आणि वर या बाईवर तक्रार ठोकलीत."

"मी घाबरलो होतो!"

"कळलं. एकशे चाळीस."

हवालदार जावयाला घेऊन गेला. सर्जनना अचानक महत्त्वाचा फोन आला.

"उठा सिस्टर, तुम्ही मोकळ्या."

नर्स उठली नाही. "'पेशंटचंच बोट' म्हणाले असते, तर वाचले असते ते."

"असं कुणी सांगतं का?"

"आता सांगणार," ती म्हणाली आणि रडायला लागली.